वीरवराचें इमान

वेताळाच्या गोष्टींची एक मोठी गैरसोय अशी आहे कीं, शेवटीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर ठाऊक असून जो गप्प राहील त्याच्या मस्तकाचीं शकलें होतात. त्यामुळें राजा घाईनें उत्तर देतो, त्याचें मौन मोडलें म्हणून वेताळ पुन्हां झाडाला जाऊन लटकतो, आणि प्रश्न मात्र वाटेंतच पडून राहतो. वाचकावर असें कांहीं संकट नसतें. उत्तर द्यावयास त्याला वीस वर्षें लागलीं तरी त्याचें मस्तक शाबूत राहतें. वीरवराच्या कथेवर वेताळानें जो प्रश्न विचारला आणि राजानें त्याला जें उत्तर दिलें, तें लहानपणीं मला जितकें समाधानकारक वाटलें तितकें आतां वाटत नाहीं. असें कां व्हावें, याचा विचार करण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

कथा बहुतेकांच्या परिचयाची आहे. अकराव्या शतकांत काश्मीरांत सोमदेवानें कथासरित्सागर रचला, त्यांत वेताळाच्या कथांमध्यें ती येते. हितोपदेशाच्या विग्रह नांवाच्या प्रकरणांतही ती थोड्या फेरफारानें सांपडते. आणि वेताळपंचविशी वाचून मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला ती निराळी सांगावयास नको. तरी पुढच्या विवेचनाला तिच्यांतील बारकावे लागणार आहेत, म्हणून सोमदेवाच्या कथेला धरून ती थोडक्यांत सांगतों.

शोभावती नगरीच्या शूद्रक राजाकडे माळव्याचा वीरवर नांवाचा योद्धा चाकरीस आला. बायको, एक मुलगा, एक मुलगी, एवढा त्याचा परिवार. कमरेला कट्यार, एका हातांत तलवार व दुसऱ्या हातांत ढाल, एवढा त्याचा सरंजाम. पगार मात्र त्यानें रोजचे पांचशें दीनार मागितले. राजाला कुतूहल वाटलें. त्यानें पगार मान्य केला आणि एवढ्या पैशांचें हा करतो तरी काय, हें पाहण्यासाठीं मागें हेर लावले. हेरांनीं येऊन सांगितलें कीं, कांहीं भाग घरखर्चासाठीं बायकोच्या हातीं जातो, कांहीं वस्त्रें व विडा यांवर, कांहीं देवपूजेला, आणि मोठा वांटा ब्राह्मणांना व गोरगरिबांना. एवढें उरकलें कीं हा मनुष्य दिवसभर आणि रात्रभर राजवाड्याच्या द्वारांत उभा.

पावसाळ्यांतल्या एका काळोख्या रात्रीं राजानें वरच्या मजल्यावरून विचारलें, "द्वारीं कोण आहे?" "मी वीरवर आहें," असें उत्तर आलें. इतक्यांत दूरवर कोणी स्त्री रडत असल्याचा आवाज राजाच्या कानीं पडला. कोण रडतें आहे तें पाहून ये, अशी त्यानें वीरवराला आज्ञा केली. आणि त्या धारांत निमूटपणें निघालेल्या त्या शिपायाकडे पाहून त्यालाही राहवेना, म्हणून तलवार घेऊन तो न कळत त्याच्या मागोमाग गेला. नगराबाहेर सरोवरांत रडत असलेली ती स्त्री प्रत्यक्ष पृथ्वी होती. (हितोपदेशांत ती राजलक्ष्मी आहे.) शूद्रकासारखा धर्मशील स्वामी आजपासून तिसऱ्या दिवशीं मरणार म्हणून मी रडतें, असें तिनें सांगितलें. उपाय एकच: वीरवरानें आपला मुलगा सत्त्ववर चंडिकेला बळी द्यावा, म्हणजे राजा शंभर वर्षें जगेल. वीरवर घरीं गेला, त्यानें बायकोला उठविलें, मुलाला उठविलें. दोघांनींही रुकार दिला. राजाचें अन्न खाल्लें आहे, त्याचें ऋण असें फिटत असेल तर माझें भाग्य, असें तें पोर म्हणालें. मग तीं चौघें पावसांतून देवळांत गेलीं. बापानें मुलाचें मस्तक तोडलें. भावाचें मस्तक कवटाळून बहिणीनें प्राण सोडला. आई मुलांच्या चितेंत शिरली. उरलेला वीरवर म्हणाला, अन्नाचें ऋण तर फिटलें, आतां ह्या एकट्या जिवाची काळजी कोणासाठीं? आणि त्यानें आपलेंही मस्तक उतरविलें. हें सर्व पाहत असलेल्या राजानें स्वतःच्या मानेवर तलवार धरली तेव्हां आकाशवाणी झाली, देवी प्रसन्न झाली, आणि सगळींजणें उठून बसलीं. वीरवर कुटुंबाला घरीं पोंचवून पुन्हां द्वारांत येऊन उभा राहिला. राजा गुपचूप वर गेला आणि त्यानें पुन्हां विचारलें, "द्वारीं कोण आहे?" "मी वीरवर आहें. त्या बाईचा शोध घेतला. मी पाहतांच ती कोठें दिसेनाशी झाली."

सकाळीं राजानें भरसभेंत सगळी हकीकत सांगितली आणि वीरवराला व त्याच्या मुलाला लाट व कर्णाट देशांचें राज्य दिलें. वेताळानें विचारलें, ह्या सर्वांत श्रेष्ठ वीर कोण? राजा म्हणाला, शूद्रक. कारण धन्यासाठीं प्राण देणें हा सेवकाचा धर्मच आहे, पतीच्या मागें जाणें हा कुलस्त्रीचा, बापाचें ऐकणें हा मुलाचा. पण सेवकांच्या प्राणांवर स्वतःचें रक्षण करून घेणें ही जेथें राजांची रीत, तेथें सेवकासाठीं प्राण द्यावयास निघालेला राजा विरळा.

अशा कथेकडे नीतीचा प्रश्न घेऊन जाणें कित्येकांना पोरकटपणाचें वाटेल. जेथें पृथ्वी सरोवरांत बसून रडते आणि तुटलेलीं मस्तकें पुन्हां जडतात, तेथील शिपायाच्या वागणुकीवरून आपण काय शिकणार? मला याच्या उलट वाटतें. खऱ्या जगांतल्या शिपायाला एखादी तरी पळवाट असते. हुकूम कायद्याला धरून होता कीं नव्हता, बातमी पक्की होती कीं बाजारगप्प, धनी लायक होता कीं नालायक, ह्या धुक्यांत त्याला लपतां येतें आणि त्याची स्तुति किंवा निंदा करणाऱ्या आपल्यालाही लपतां येतें. अद्भुताच्या राज्यांत कथाकार हें धुकें स्वतःच्या हातानें पुसून काढतो. राजा निःसंशय चांगला, भविष्य निःसंशय खरें, उपाय निःसंशय गुणकारी. गणिती जसा घर्षण नसलेला उतार कल्पितो आणि त्यावरून गोळा सोडून पाहतो, तशी ही निष्ठेची परीक्षा आहे. गोळा तरीही सरळ जात नाहीं, हें या कथेंत मला महत्त्वाचें वाटतें.

वीरवराला हुकूम काय होता? कोण रडतें आहे तें पाहून ये. एवढाच. त्या हुकमाप्रमाणें त्यानें परत येऊन, महाराज, पृथ्वी रडते आहे, तिसऱ्या दिवशीं आपला अंत आहे आणि त्यावर अमुक एक उपाय आहे, असें सांगावयास हवें होतें. तो परत आला नाहीं. ज्या द्वारापासून तो ऊनपावसांत हलत नसे तें द्वार त्या रात्रीं प्रहरभर मोकळें राहिलें, आणि मधल्या वेळांत एका कुटुंबाच्या जीवितमरणाचा निकाल त्यानें आपल्या एकट्याच्या जबाबदारीवर लावला. आज्ञाधारकपणाचा आदर्श म्हणून शेंकडों वर्षें सांगितली गेलेली ही कथा बारकाईनें पाहिली तर आज्ञेपलीकडे गेलेल्या शिपायाची आहे.

तो परत कां आला नाहीं, हें ओळखणें कठीण नाहीं. राजाला विचारलें असतें तर राजा नको म्हणाला असता. पुढें जो स्वतःच्या मानेवर तलवार ठेवतो तो दुसऱ्याच्या मुलाच्या रक्तावर शंभर वर्षांचें आयुष्य घेण्यास सुखानें कबूल झाला नसता. तेव्हां वीरवराला जें करावयाचें होतें तें धन्याच्या अपरोक्षच होणें शक्य होतें. आपल्याकडे ज्याला मिठाला जागणें म्हणतात त्याची ही परमावधि आहे, आणि तिच्यांतली अडचणही येथेंच आहे. हुकमाला एक सीमा असते. शिपायानें काय द्यावयाचें आणि काय द्यावयाचें नाहीं, तें हुकमांत कोठें तरी लिहिलेलें असतें. मिठाला सीमा नाहीं. किती खाल्लें आणि किती फेडावयाचें याचा हिशेब खाणाऱ्याच्याच मनांत असतो, आणि मनुष्य जितका थोर तितका तो हिशेब फुगत जातो. रोजच्या पांचशें दीनारांतला मोठा वांटा दान करून टाकणाऱ्या मनुष्याला आपण किती देणें लागतों याचा अंदाज कधींच कमी वाटणार नाहीं.

ह्या हिशेबांत सत्त्ववर कसा आला? मुलगा कबूल होता, असें कथा सांगते, आणि कथाकाराच्या मनांत यावर आक्षेप येत नाहीं. पण पावसाळी रात्रीं झोंपेंतून उठवून, तलवार घेतलेल्या बापानें आईसमक्ष विचारलेल्या प्रश्नाला त्या घरांतल्या पोरानें दुसरें कोणतें उत्तर द्यावयाचें होतें? ज्या घरांत जेवतांना प्रत्येक घांसाला राजाचें नांव आहे, त्या घरांतलें मूल अन्नाबरोबर ऋणही गिळत असतें. त्याचा रुकार खोटा होता असें मी म्हणत नाहीं. तो फार खरा होता, आणि म्हणूनच बापानें तो मागावयास नको होता. शिपायाजवळ स्वतःची अशी एक वस्तु असते, ती म्हणजे त्याचा प्राण. ती त्यानें वाटेल तेथें खर्च करावी. तानाजीनें घरचें लग्न बाजूला ठेवून कोंढाण्याची कामगिरी उचलली, ही आपल्याकडची आख्यायिका सर्वांच्या तोंडीं आहे. त्यानें रायबाचें लग्न लांबणीवर टाकलें, रायबाला तटावर चढविलें नाहीं. वीरवरानें क्रम उलटा केला. स्वतःचा प्राण त्यानें शेवटीं दिला, आणि तोही निरुपयोगी झाल्यावर.

माझा आक्षेप एवढ्यावरच थांबता तर वेताळाला उत्तर देणाऱ्या राजाशीं मीं वाद घातला नसता. वीरवर चुकला असेल, पण शूद्रक तरी श्रेष्ठ ठरतो, असें म्हणतां आलें असतें. पण कथेंतल्या एका वाक्याकडे लहानपणीं माझें लक्ष गेलें नव्हतें, आणि फार जणांचें जात नसावें. राजा मागोमाग गेला होता. सरोवराच्या कांठीं तो होता. घराबाहेर तो होता. देवळाच्या काळोखांत तो उभा होता आणि सगळें पाहत होता. "थांब, वीरवर," हे दोन शब्द उच्चारण्यास आकाशवाणीची गरज नव्हती. राजाला कंठ होता, अधिकार होता, आणि ज्याच्यासाठीं हें चाललें होतें तो मनुष्य तोच होता. त्याच्या नकाराबरोबर सगळा व्यवहार संपला असता. मुलाचें मस्तक तुटलें तेव्हां तो बोलला नाहीं. मुलगी पडली तेव्हां बोलला नाहीं. चिता रचली गेली; चिता रचावयास कांहीं वेळ तरी लागतो; त्या वेळांतही तो बोलला नाहीं. चौघेंही संपल्यावर त्याला स्वतःची तलवार आठवली.

तो दुष्ट होता असें मुळींच नाहीं. मला वाटतें तो आश्चर्यानें भारून गेला होता. हाच तो राजा, ज्यानें नव्या चाकराचा पगार कोठें जातो तें पाहण्यासाठीं हेर लावले होते आणि ऐकून धन्यता मानली होती. दुसऱ्याचा सद्गुण पाहण्याची त्याला आवड आहे. अशी आवड पुष्कळांना असते. रणांगणावरच्या पराक्रमाच्या बातम्या वाचतांना आपल्या अंगावर जे रोमांच उभे राहतात ते खोटे नसतात; आपण खरोखरच भारलेले असतों, आणि भारलेला मनुष्य सहसा मध्यें बोलत नाहीं. शूद्रकाच्या मानेवरची तलवार मला आतां उशिरां आलेल्या लज्जेसारखी दिसते. लज्जा येणें हें न येण्यापेक्षां फार बरें; तिला श्रेष्ठ वीर्य म्हणावयास मन घेत नाहीं.

देवी नसती तर? इतिहासांत ती बहुधा नसते. सोळाव्या शतकांत मेवाडच्या राजवाड्यांत बनवीर तलवार घेऊन बाल उदयसिंहाच्या शोधांत आला, तेव्हां पन्ना दाईनें राजपुत्राच्या बिछान्यावर आपलें स्वतःचें मूल निजविलें, अशी राजपुतान्याची परंपरा आहे. तें मूल निजलेलें होतें. त्याला कोणी विचारलें नाहीं, आणि तें पुन्हां उठलेंही नाहीं. पन्नेची कथा ऐकतांना घशाशीं जें येतें तें वीरवराच्या कथेंत येत नाहीं, कारण तेथें शेवटीं सगळे हिशेब देवी चुकते करते. मला तर वाटूं लागलें आहे कीं, ह्या कथेंत चमत्काराचें काम मुलाला वांचविण्याचें नसून, जो हिशेब वाचवत नाहीं ती वही वेळेवर मिटून टाकण्याचें आहे.

ह्या कथेच्या शेजारीं दुसऱ्या एका अद्भुत राज्यांतला शिपाई आणून बसवावा असें बरेच दिवस मनांत आहे. हें राज्य ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्कीन यांच्या कल्पनेंतलें. टोल्कीन १९१६ सालीं सोमच्या लढाईंत होते, आणि अंगठ्यांच्या स्वामीच्या त्यांच्या प्रचंड कथेचा तिसरा भाग १९५५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत गोंडोर देशाची राजधानी मिनास टिरिथ हिच्या बालेकिल्ल्यावर बेरेगॉन्ड नांवाचा एक पहारेकरी आहे. सेनापति नाहीं, राजपुत्र नाहीं. दहा वर्षांच्या एका मुलाचा बाप आणि साधा मनुष्य. इतक्या मोठ्या ग्रंथांत त्याला मिळालेलीं पानें थोडीं आहेत, आणि वाचणारे त्याला चटकन विसरतात.

शत्रूचा वेढा पडला आहे. सिंहासन पिढ्यान्‌पिढ्या रिकामें असून कारभारी डेनेथॉर राज्य चालवीत आहे. निराशेनें त्याची बुद्धि फिरली आहे, आणि जखमी होऊन तापांत बेशुद्ध पडलेल्या आपल्या मुलाला, फॅरामीरला, घेऊन त्याच्यासह जिवंत जळावें म्हणून तो पूर्वजांच्या समाधिगृहांत चिता रचवीत आहे. ही बातमी पिपिन नांवाचा एक लहानसा परदेशी सेवक बेरेगॉन्डच्या कानावर घालतो. पहाऱ्याची जागा परवानगीवांचून सोडणाऱ्यास देहान्त शिक्षा आहे. परवानगी ज्यानें द्यावयाची तोच वेडा झाला आहे. बेरेगॉन्डचें फॅरामीरवर प्रेम आहे. तो क्षणभर घुटमळतो आणि मग जागा सोडून धांवत सुटतो. समाधिगृहांकडे जाणाऱ्या दाराचा रक्षक किल्ली देईना, ऐकून घेईना, त्यानें तलवार उपसली. बेरेगॉन्डनें त्याला ठार केलें. आंत चितेकडे जाणारे कारभाऱ्याचे नोकर त्यानें एकट्यानें पायरीवर अडवून धरले. त्यांतलेही दोघे त्याच्या तलवारीनें पडले. तेवढ्या वेळांत मदत पोंचली आणि फॅरामीर वांचला.

वीरवराशीं ह्याचें साम्य वरवरचें नाहीं. दोघेही द्वारपाळ. दोघांनींही एका रात्रींत, कोणाला न विचारतां, आपल्या जागेवरून उठून एक जीव वांचविला. आणि दोघांनींही त्याची किंमत दुसऱ्यांच्या रक्तानें दिली. बेरेगॉन्डनें मारलेला दाररक्षक शत्रु नव्हता. त्याच शहराचा, त्याच धन्याचा चाकर, आणि धन्याच्या शब्दाखेरीज किल्ली द्यावयाची नाहीं ह्या आपल्या कर्तव्याला चिकटून राहिलेला. त्या रात्रीं मिनास टिरिथमध्यें हुकमाप्रमाणें वागलेला कर्तव्यदक्ष शिपाई कोण, असें वेताळानें विचारलें तर त्या मेलेल्या माणसाकडेच बोट दाखवावें लागेल. कथाकारानें त्याला नांव दिलेलें नाहीं. मात्र बेरेगॉन्डच्या तोंडून त्यानें एक कबुली वदविली आहे: घाईचें वेड अंगांत शिरलें होतें, तो ऐकेना, पण ह्या गोष्टीचें दुःख मला जन्मभर राहील. वीरवर आपल्या रात्रीबद्दल बोलतांना फक्त एका दिसेनाशा झालेल्या बाईचा उल्लेख करतो. मृदुपणा म्हणून मीं त्याची किती वर्षें वाखाणणी केली आहे! स्वतःचा मोठेपणा लपविणें हा गुणच आहे. पण त्या एका वाक्यांत मोठेपणाबरोबर मुलाचें तुटलेलें मस्तकही लपतें.

युद्ध संपल्यावर नवा राजा ॲरागॉर्न न्यायासनावर बसतो आणि बेरेगॉन्डला पुढें आणतात. येथें देवी प्रगट होत नाहीं. दाररक्षक उठून बसत नाहीं. ज्याचा जीव वांचला तो फॅरामीर आतां राज्यांतला मोठा मनुष्य आहे, तेव्हां ही गोष्ट हलकेच मिटवून टाकणें सोपें होतें. राजा तसें करीत नाहीं. पवित्र जागीं रक्त सांडलें, पहारा सोडला, याला पूर्वापार शिक्षा मृत्यूची आहे, हें तो सर्वांसमक्ष बोलून दाखवितो. रणांगणावरच्या पराक्रमामुळें आणि केलें तें फॅरामीरच्या प्रेमामुळें केलें म्हणून, देहान्त माफ. पण बालेकिल्ल्याचा पहारा सोडावा लागेल आणि हें नगर सोडून जावें लागेल. बेरेगॉन्डचा चेहरा पांढरा पडतो. मग राजा पुढचें वाक्य उच्चारतो: फॅरामीरच्या रक्षक पथकाचा नायक म्हणून तूं त्याच्याबरोबर इथिलियनला जा, आणि ज्याच्यासाठीं सर्वस्व पणाला लावलेंस त्याच्यापाशीं मानानें राहा.

पहिल्या आणि दुसऱ्या वाक्यांतलें जें अंतर आहे तेवढ्यासाठीं मीं हें प्रकरण पुन्हां पुन्हां वाचलें आहे. दुसरें वाक्य आधीं आलें असतें तर तें बक्षीस झालें असतें, आणि लाट-कर्णाट दिल्यासारखें वाटलें असतें. पहिलें वाक्य आधीं येतें, म्हणून त्या बिननांवाच्या दाररक्षकाची नोंद होते. शहर सोडावें लागतें तें त्याच्यामुळें. आपण जन्मलों, वाढलों, ज्या तटावर उभे राहिलों, तें शहर आतां आपलें नाहीं, हें इथिलियनच्या वैभवांतही बेरेगॉन्डला रोज आठवणार. आणि आठवावें हेंच योग्य आहे, असें मला वाटतें, त्यालाही तसेंच वाटलें असतें. न्याय आणि क्षमा यांची बेरीज शून्य येत नाहीं. दोन्ही आपापल्या जागीं उभीं राहतात.

कोणी म्हणेल, हें कादंबरीकाराचें औदार्य आहे. खऱ्या राज्यांना असें वागतां येत नाहीं. येत नाहीं खरें. २३ एप्रिल १९३० रोजीं पेशावरच्या किस्साखानी बाजारांत निःशस्त्र जमावावर गोळी झाडण्याचा हुकूम गढवाली पलटणींतल्या शिपायांना झाला, आणि चंद्रसिंह गढवाली व त्यांच्या सोबत्यांनीं तो मानला नाहीं. लष्करी न्यायालयानें चंद्रसिंहांना जन्मठेप दिली. ते १९४१ सालीं सुटले. त्यांनीं जें दिलें तें सर्वस्वीं स्वतःच्या पदरचें होतें: नोकरी, घर, वयाचीं अकरा वर्षें. दुसऱ्याच्या रक्ताचा थेंबही त्या हिशेबांत नाहीं, आणि म्हणून माझ्या मनांत त्यांची जागा वीरवर आणि बेरेगॉन्ड ह्या दोघांच्याही वर आहे. तरी देखील, गोलमेज परिषदेसाठीं १९३१ सालीं लंडनला गेलेल्या गांधीजींना एका फ्रेंच पत्रकारानें या शिपायांविषयीं छेडलें, तेव्हां त्यांनीं गढवाल्यांची तरफदारी केली नाहीं. शपथ घेतलेल्या शिपायानें हुकूम मोडणें हा अपराधच होय; आज मीं त्यांना हुकूम मोडावयास शिकविलें तर उद्यां राज्य माझ्या हातीं आल्यावर तेच शिपाई माझाही हुकूम मोडतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हें वाचून अनेकांना तेव्हां राग आला आणि आजही येतो. मलाही येतो. अहिंसेचा एवढा पुरस्कर्ता बंदूक खालीं ठेवणाऱ्यांच्या पाठीशीं उभा राहूं नये, हें चमत्कारिक आहे. परंतु राग ओसरल्यावर असें दिसतें कीं, गांधीजी निदान काळोखांत उभे राहून भारावले नाहींत. मोडलेल्या शपथेची नोंद त्यांनीं वहींत राहूं दिली. ती नोंद ठेवून वर क्षमेची आणि मानाची दुसरी ओळ लिहावयाची राहिली. ती त्यांनीं लिहिली असती तर मला फार आवडलें असतें.

वीरवराकडे परत येतों. कथेच्या शेवटीं सर्वजण सुखी आहेत. राजा शंभर वर्षें जगणार. वीरवर मांडलिक राजा झाला. बायको, मुलगी, मुलगा, सगळीं धडधाकट. सत्त्ववराच्या मानेवर वणही राहिला नसावा. देवीचें काम अर्धवट नसतें. पण त्याची आठवणही देवीनें पुसली असें सोमदेव कोठें सांगत नाहीं. तेव्हां तो दक्षिणेंत कोठें तरी आपल्या वाड्यांत मोठा होत आहे, बापाच्या शेजारीं बसून जेवतो आहे, आणि समोर भिंतीवर ती तलवार टांगलेली आहे, असें मला दिसतें. बापलेकांत त्या रात्रीविषयीं एकदां तरी बोलणें झालें असेल काय? बाप बोलला नसेल. द्वारपाळांची ती रीत नाहीं. मुलगा विचारावयाचें टाळीत राहिला असेल. आपण तेव्हां हो म्हटलें होतें, तें आपल्या मनानें कीं बापाच्या हातांतल्या वस्तूकडे पाहून, हें त्याचें त्यालाही आतां सांगतां येणार नाहीं.

पुढें म्हातारा वीरवर गेला आणि सत्त्ववर राजा झाला. त्याच्याही वाड्याला द्वार आहे, त्याच्याही द्वारांत कोणी तरी रोज उभा आहे, आणि त्या शिपायालाही घरीं मूल असेल. एखाद्या पावसाळी रात्रीं दूरवर कोणी रडल्याचा आवाज येतो. सत्त्ववर वरच्या मजल्यावर उठून बसतो, खिडकीपर्यंत जातो, आणि खालीं कोण आहे असें विचारण्यापूर्वीं बराच वेळ तसाच उभा राहतो.